नारंगी रेघ

कपाच्या काठावर हात न उचलता, एका दमात रेघ ओढायची आणि तिची दोन टोकं अशी जुळवायची की सांधा शोधून सापडू नये, हे काम त्या कारखान्यात एकाच बाईला जमे. म्हणून तिचं नाव पडलं रेघकाकी. खरं नाव फक्त हजेरीपटावर. सव्वीस वर्षं ती एकाच खिडकीशी, एकाच फिरत्या चाकासमोर बसली. नाकावर माशी बसू द्यायची नाही. कुणी चुकून म्हणालं, काकी, आज रेघ जरा जाड वाटते, तर त्या माणसाचं त्या दिवशी काही खरं नसे.

तिच्या रेघांत मान नारंगीचा. रंग मोठा नखरेल. भट्टीत आच जरा जास्त लागली की करपून मातकट व्हायचा, आणि अर्धाअधिक माल वाया जायचा. शेवटी शक्कल काढली काकीनेच. भट्टीवाल्याच्या हात धुऊन मागे लागली आणि नारंगी कप सगळ्यात खालच्या फळीवर लावायला लावले, कारण तिथे आच बेताची. रंग असा खुलला की थोरले मालक स्वतः जिना उतरून तिला शाबासकी द्यायला आले. तेव्हापासून ती काकीची फळी झाली. नारंगी काठाचे छोटे कप, मुलांच्या हातात मावतील असे, दुकानांतून हातोहात खपू लागले.

कपाचा कान वाकडा निघाला किंवा बुडाला ठिपका पडला की तो कप बाद. बाद माल कामगारांनी खुशाल घरी न्यावा, अशी तिथली रीत होती. काकीच्या स्वयंपाकघरातलं कपाट असल्या वाकड्या कानांनी गच्च भरलेलं. नात साडेचार वर्षांची. सकाळी तोंडाचा पट्टा सुरू झाला की झोपेपर्यंत थांबायचा नाही, म्हणून घरात सगळे तिला वटवट म्हणत. वटवटला दूध काय, लिंबाचं सरबत काय, आजीच्या नारंगी कपातच हवं. पिऊन झालं तरी काठ चावत बसायची. सून रागावली की काकी म्हणायची, चावू दे गं, आजीच्या हातचं आहे.

मग ही पोर हळूहळू गप्प होत गेली. पोट दुखतं म्हणून कोपऱ्यात बसायची, उगाच चिडायची. येत असलेले शब्द तिला आठवेनात. खुर्चीला 'ते बसायचं' म्हणाली तेव्हा सुनेचं धाबं दणाणलं. डॉक्टरीणबाईंनी आधी जंतांचं औषध दिलं, मग रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं, आणि तेही नको तितकं.

चार दिवसांनी आरोग्य खात्यातली एक मुलगी हातात मावेल एवढं यंत्र घेऊन घरी आली. तिने भिंती तपासल्या, नळ तपासला, खेळणी, पाटी, सगळं झालं. कुठे काही नाही. काकी तिच्या मागोमाग फिरत होती आणि शेजाऱ्यांनी खिडक्यांना फासलेल्या स्वस्तातल्या रंगाचा उद्धार करत होती. मुलीने कपाट उघडलं आणि नारंगी काठाला यंत्र टेकवलं. आकडा चढत गेला, थांबेचना. दुसरा कप, तिसरा कप, तोच प्रकार.

काकी तावातावाने म्हणाली की हे बाद कप आहेत, म्हणून असेल. मुलीने मान हलवली. तिने नीट समजावून सांगितलं की वाकड्या कानाचा यात काही संबंध नाही. अशा रंगात शिसं असतं. पुरेशा आचेवर भाजलं तर ते बरंचसं आतच अडकून राहतं, कमी भाजलं तर दुधातून थोडं थोडं पोटात जातं, आंबट सरबतातून आणखी जास्त. पोर बरी होईल का, असं सुनेने विचारलं. कप बंद केलेत तर रक्तातलं कमी होत जाईल, पण झालेलं नुकसान किती भरून निघेल ते सांगता येत नाही, असं ती म्हणाली. जाता जाता तिने काकीलाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं. माझं बघू नंतर, एवढंच काकी बोलली.

मुलगी गेल्यावर सुनेने त्या कपाटातले कप एकेक करून खाली काढले. ती ओरडली असती तर काकीला सोसलं असतं. पण तिने शांतपणे एवढंच विचारलं, "आई, असे किती कप रंगवलेत तुम्ही?"

हा आकडा एरवी काकी ज्याला त्याला ऐकवायची. आज तिच्या तोंडून तो निघेना. बाद कप तर कामगारांच्याच घरांत आले होते. त्याच फळीवरचे चांगले कप कुठल्या कुठल्या घरांत गेले होते, देव जाणे. काकी धाय मोकलून रडली. मग तोंड धुतलं, पदर खोचला आणि तडक कारखान्यात गेली.

थोरले मालक आता नव्हते. खुर्चीवर त्यांचा मुलगा बसे. तिने काय ते एका दमात सांगितलं आणि दुकानांतला माल आजच्या आज परत मागवा म्हणाली. मालकाने आधी यंत्रच चुकलं असेल म्हणून पाहिलं. मग बाद मालातून पोरांना दूध पाजायला कुणी सांगितलं होतं, असं विचारलं. मग रंग चांगला असल्याचा एक कागद दाखवला. काकीने तो वाचला. त्यात डब्यातल्या रंगाबद्दल होतं, भट्टीबद्दल अवाक्षर नव्हतं. तेव्हा मालक आवाज खाली आणून म्हणाला की काकी, उद्या चौकशी झाली तर पहिला प्रश्न येईल, कप खालच्या फळीवर लावायला सांगितलं कुणी. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. सव्वीस वर्षांचं तुमचं नाव धुळीला मिळेल. दोन महिने गप्प राहा, दुकानांतला माल संपू दे, मग नारंगी बंदच करून टाकू.

त्याच्या वडिलांच्या खुर्चीचा मान म्हणून काकी या मुलाला आजवर अहो-जाहो करत आली होती.

"संपू दे म्हणजे काय रे? पोरांच्या पोटात संपू दे?"

तिने आपले कुंचले त्याच्या टेबलावर ठेवले आणि ती निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावातल्या सगळ्यात मोठ्या भांड्यांच्या दुकानाच्या दारात उभी राहिली. आत समोरच्याच फळीवर तिचे कप ओळीने मांडलेले. जो कुणी नारंगी कपाला हात लावी त्याला ती सांगायची, हा घेऊ नका, यात शिसं आहे. काही लोक बिचकून बाजूला झाले, काही हसले. एकाने तिला पलीकडच्या दुकानाचं माणूस ठरवलं. दुकानदाराने आधी हात जोडले, मग आवाज चढवला, मग मालकाला फोन केला.

मालक आला तो साखर पेरतच. जमलेल्या लोकांना म्हणाला की बाई आमच्याकडेच होती, फार गुणी. नात आजारी पडली, तेव्हापासून बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोकांना ते पटलं. काकीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पिंजारलेले केस आणि बसलेला आवाज बघून कुणालाही ते पटलंच असतं.

एक बाई तेवढी हलली नाही. तिच्या कडेवर मूल होतं आणि हातात दोन नारंगी कप. तिने विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

मालकाने काकीकडे पाहिलं. हे ती चारचौघांत बोलणार नाही, यावर त्याची सगळी भिस्त होती. शरम वाटलीच तिला, का नाही वाटणार?

"ही रेघ माझ्या हातची आहे," ती म्हणाली. "रंग करपू नये म्हणून कप कमी आचेवर लावायला मीच सांगितलं. चूक माझी आहे. यातून माझी नात दूध प्यायली आणि तिच्या रक्तात शिसं गेलं. तिला आता खुर्चीला खुर्ची म्हणता येत नाही."

बाईने हातातल्या कपांकडे पाहिलं आणि दोन्ही परत फळीवर ठेवले. तिच्या मागे पैसे द्यायला उभ्या असलेल्या माणसाने पिशवीतला खोका बाहेर काढला आणि तोही परत केला. मालकाच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. तो जवळ येऊन दात-ओठ खात म्हणाला की हे फार महागात पडेल, दुसऱ्या कुठल्या कारखान्यात उभं राहू देणार नाही, आणि आता मुकाट्याने घरी जा.

काकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती दुकानदाराकडे वळली.

"उद्या दुकान किती वाजता उघडता?"