खाणीवर गेलेल्या महांतप्पाचा हातमाग

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे आणि सध्या मला काहीच काम नाही. येरमाळ्याजवळच्या एका गावात, महांतप्पा विणकराच्या पडवीत, जमिनीतल्या खड्ड्यावर मला बसवलं आहे. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. माझं लाकूड बाभळीचं. सुतारानं मला घडवलं तेव्हा महांतप्पाच्या बापानं त्याला पुरणपोळीचं जेवण घातलं होतं, म्हणजे माझा मान केवढा ते समजा!

चांगले दिवस मी पोटभर पाहिले. येडेश्वरीच्या यात्रेला माझ्यावरची लुगडी हातोहात खपत. बायका पदर चाचपून म्हणत, "ह्यो महांतप्पाचाच हात!" माझं नाव कुणी घेत नसे. लाकडाचं कौतुक कोण करतो?

मग लढाई लागली. कुठं ते मला ठाऊक नाही, पण बाजारातून सूत नाहीसं झालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गावातले माग एकेक करून गप्प झाले. महांतप्पाच्या घरची चूलही धड पेटेना.

अशात निजाम सरकारची दवंडी फिरली. बेकार माणसांना कोळशाच्या खाणीवर काम मिळणार, गाडीभाडं सरकार भरणार. भरती करायला आलेला साहेब आमच्या पडवीत डोकावला. माझा खड्डा पाहून तो शिपायाला हसत म्हणाला, "ये लोगां तो पैलेच गड्ढे में बैठते. खदान का क्या डर इनकू?" मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

महांतप्पाची बायको शिवकांता दार अडवून उभी राहिली. "जाऊ नका. माज्या जिवाला बरं वाटंना."

"मग खायाचं काय, ह्यो माग?" महांतप्पा म्हणाला. "सूत आलं की येतो. लई दिस न्हाय लागायचे."

येडशीच्या स्टेशनावरून तो गेला. तेलाचा घाणा बंद पडलेला शेजारी गुरुसिद्धप्पाही त्याच्यासोबत होता.

पावसाळा सरल्यावर गुरुसिद्धप्पा एकटाच परतला आणि उंबऱ्याबाहेरच बसला. शिवकांतानं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यानं घेतला नाही.

"वहिनी, छताला टेकू दिल्यालं लाकूड करकरलं. आमी समदे पळालो. म्या वरडलो, पळ रं महांतप्पा! त्यो न्हाय पळाला. लाकडावर हात ठिवून, कान लावून हुबा ऱ्हायला. मग समदं वरून आलं. का हुबा ऱ्हायला, देवालाच ठावं."

शिवकांता रडली नाही. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांना कळलं होतं.

विणताना माझं लाकूड करकरलं की महांतप्पा ताण्यातून ये-जा करणारा धोटा थांबवायचा, माझ्यावर हात ठेवायचा, कान लावायचा आणि कुठली खुंटी ढिली झाली ते हुडकायचा. लाकडापासून पळायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. माझी एवढी निगा त्यानं राखली आणि त्याच सवयीनं त्याचा घात केला. मला फार वाईट वाटतं.

आता पुन्हा दवंडी फिरली आहे. सूत अजून नाही. महांतप्पाचा धाकटा भाऊ रेवणसिद्ध माझ्यावरच विणायला शिकला. तो उद्या निघतो आहे. शिवकांतानं त्याला बजावलं, "लाकूड वाजलं की पळायचं." तो म्हणाला, "व्हय वहिनी, ध्यानात हाय." गाठोडं बांधताना त्याचा धक्का लागला आणि माझं सुकलेलं लाकूड करकरलं. बोलता बोलता त्याचा हात माझ्यावर आला, मान झुकून कान लाकडाशी गेला. शिवकांता त्याच्याकडं बघतच राहिली. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता.

वस्तूंची निगा राखा, असं माझ्यासारख्यानं शेवटी सांगायचं असतं. राखा, मित्रांनो. पण रेवणसिद्ध तुम्हाला येडशीच्या स्टेशनावर दिसला, तर त्याला हात धरून थांबवा. तो थांबला नाही, तर एवढं तरी सांगा: तिथलं लाकूड तुझं नाही रे बाबा. ते करकरलं की हात लावू नकोस, पळ.