दोन चाव्यांचा पासवर्ड

अख्ख्या गावाची कुलपं उघडून देणाऱ्या दोन भावांना स्वतःच्या दुकानाची मेल उघडता येऊ नये, यात हसण्यासारखं काही नाही, असं धाकटी जाऊ नेहमी म्हणायची आणि मग हसायची.

दुकान कुलूप-चाव्यांचं. एका बाजूला थोरला भाऊ कुलपं दुरुस्त करायचा, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ तिजोऱ्यांची कामं करायचा, आणि मधोमध प्लायवूड. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची अडकलेली तिजोरी धाकट्यानं ड्रिल मारून उघडली. थोरल्याचं म्हणणं, ती हातानं उघडली असती, ड्रिल मारणं हा कारागिरीचा अपमान आहे. धाकट्याचं म्हणणं, गिऱ्हाईक समोर रडत उभं असताना कारागिरीच्या मानपानाची चौकशी करत बसायचं नसतं. शब्दानं शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी सुतार आला, प्लायवूड लागलं आणि दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांपुरती मिठाची गुळणी धरली.

सगळं वाटून झालं, पण मेल कशी वाटणार? पत्ता पाटीवर रंगवलेला आणि गावभर फिरणाऱ्या हजारो चाव्यांच्या बिल्ल्यांवर छापलेला. तो सोडायला कुणीच तयार होईना. शेवटी दोघांनी आपल्या धंद्यातलाच तोडगा काढला. बँकेच्या मोठ्या तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात; तसा मेलचा मुख्य पासवर्ड अर्धा थोरल्यानं टाकला, अर्धा धाकट्यानं, आणि एकानं टाकताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं. दोघी जावा बाजूला उभ्या राहून बघत होत्या. रोजच्या कामाला हा पासवर्ड लागत नव्हता. सेटिंगमध्ये काही मोठं बदलायचं असेल तरच लागणार होता, आणि सहा वर्षांत ती वेळ आली नव्हती.

रोजची मेल बायकांनी बघायची असं ठरलं. समोरच्या टेबलाशी सकाळपासून एक वाजेपर्यंत थोरली, दोनपासून दुकान बंद होईपर्यंत धाकटी. मधला एक तास खुर्ची रिकामी, कारण जावांनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही असा दोन्ही घरांतला हुकूम होता. भांडण भावांचं होतं, पण अशा वेळी बायकांनाही आपापली बाजू वाटून दिली जाते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिले दोन महिने दोघींनी हुकूम पाळला. मग एके दुपारी धाकटीला ड्राफ्टमध्ये एक पत्र सापडलं. वर पत्ता नाही, विषय नाही. 'खिडकीतल्या झाडाला दुपारचं पाणी घालत जा गं, वाळतंय.' धाकटीनं झाडाला पाणी घातलं आणि त्याच पत्राखाली लिहिलं, 'घातलं. तुमचा खोकला कसा आहे?'

झालं. तिथून जी सुरुवात झाली ती थांबलीच नाही. पाठवलेल्या मेलची घंटी दोन्ही भावांच्या फोनवर वाजायची, पण ड्राफ्ट कुठंच जात नाही आणि कुठंच वाजत नाही. फोन करायची सोय नव्हती; दोन्ही नवरे फोन वाजला की 'कोण आहे?' असं तिसऱ्या खोलीतून विचारणारे. ड्राफ्टमध्ये मात्र कुणी डोकावत नव्हतं. पुढं त्या दोघींनी तिथं काय काय लिहिलं म्हणून सांगायचं? मुलांचे निकाल, गुडघेदुखीवरचे उपाय, शेजारणीच्या चहाड्या, आणि नवऱ्यांबद्दल तर इतकं की त्यांचं त्यांनाही स्वतःबद्दल तेवढं ठाऊक नसेल. धाकटीची आई गेली तेव्हा महिनाभर तिला घरात कुणाशी बोलवत नव्हतं, पण दुपारी दोनला खुर्चीत बसली की थोरलीचं पत्र असायचंच. ते दिवस त्या पत्रांवर निघाले.

आणि मग आला तो गुरुवार. धाकटीनं खुर्ची ओढली आणि माउस हलवला. मेलनं आपलं आपणच रूप पालटलं होतं. सगळं जांभळं, अक्षरं गुबगुबीत, डावीकडची यादी कुठंतरी दडी मारून बसलेली. आणि वर मधोमध, लांबूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत: 'तुमची ११४३ पत्रं अर्धवट राहिली आहेत. पूर्ण करू या का?' खाली तीन मोठे चौकोन, प्रत्येकात एकेका पत्राच्या पहिल्या ओळी. मधल्या चौकोनात तिचंच अक्षर न् अक्षर: 'जाऊबाई, यांचा घसा बसलाय, त्यामुळे घरात दोन दिवस काय शांतता आहे...'

दर शनिवारी दुपारी आधी थोरला आणि तो गेल्यावर धाकटा टेबलाशी बसून मोठ्या ऑर्डरी डोळ्यांखालून घालायचे. म्हणजे मधे फक्त शुक्रवार.

पत्रं पुसून टाकावीत? तिनं एका पत्राच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेला. पत्र तिच्या आईच्या आजारपणातलं होतं. पुसायचं तिच्या जिवावर आलं. मग तिनं नव्या रूपाचे सगळे कानेकोपरे धुंडाळले, तेव्हा एका चाकाच्या चित्रामागं बारीक अक्षरांत सापडलं: 'जुन्या रूपात परत जा. मुदत शनिवारपर्यंत.' तिनं दाबलं. पडद्यावर विचारणा आली: 'मुख्य पासवर्ड टाका. तीन संधी मिळतील.'

धाकटीनं कपाळाला हात लावला आणि ड्राफ्ट लिहायला घेतला. सगळं कळवून शेवटी विचारलं, 'पुसू का?'

शुक्रवारी दुपारी उत्तर तयार होतं. 'खबरदार एक ओळ पुसलीस तर. अर्धा पासवर्ड हे मला मेले तरी सांगायचे नाहीत आणि भावजी तुला सांगणार नाहीत. तेव्हा दोघांनाच इथं आणायचं. तू घरी जाऊन सांग की यांना नवी मेल फार आवडलीय. मी सांगते की भावजींना आवडलीय. पुढचं ते बघतील.'

वाचून धाकटी इतकी हसली की प्लायवूडपलीकडे चावी घासणारी कानस क्षणभर थांबली.

रात्रीच्या जेवणाची ताटं वाढता वाढता ती सहज म्हणाली, "ती मेल बदललीय बरं का. मोठ्या भावजींना भलतीच पसंत पडलीय म्हणे. हीच ठेवायची म्हणतात."

"पसंत पडलीय?" धाकट्याचा घास हातातच राहिला. "जुनीला काय धाड भरली होती?"

"मला काय कळतंय त्यातलं," धाकटी म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, जेव्हा जेव्हा तिला सगळं कळलेलं असायचं तेव्हा ती हेच म्हणायची.

"उद्या येतो मी टेबलाशी. त्याच्या आधी येतो. जुनी म्हणजे जुनीच."

शनिवारी बारा वाजता धाकटा एका बाजूनं आला आणि थोरला दुसऱ्या बाजूनं. थोरली खुर्चीत होतीच. धाकटी 'यांचा डबा विसरला' म्हणून आली होती, हातात रिकामी पिशवी. पडद्यावर पासवर्डची विचारणा आधीच उघडून ठेवलेली, म्हणजे ते तीन चौकोन दिसायला नकोत.

थोरल्यानं आपल्या बायकोकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्याला सांग, नवीन थेरं इथं चालायची नाहीत. जुनीच मेल पाहिजे."

धाकटाही आपल्या बायकोकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, मी जुनीच ठेवायला आलोय."

दोघंही भांडणाच्या पूर्ण तयारीनं आले होते आणि समोर भांडायला कुणीच नव्हतं. बाह्या सरसावलेल्या माणसाला एवढं ओशाळवाणं दुसरं काही नसतं.

थोरला बायकोला म्हणाला, "तू तर म्हणालीस याला नवी आवडलीय."

"आणि तू म्हणालीस त्याला आवडलीय," धाकटा आपल्या बायकोला म्हणाला. "तुला कुणी सांगितलं?"

धाकटी पंख्याकडे बघू लागली. थोरलीही पंख्याकडेच बघत म्हणाली, "ते मागाहून. मुदत संपायला आलीय, आधी पासवर्ड टाका."

थोरला खुर्चीत बसला, धाकट्यानं भिंतीकडे तोंड केलं. थोरल्यानं आपला अर्धा टाकला आणि उठला. मग धाकटा बसला, थोरल्यानं भिंतीकडे तोंड केलं. पासवर्ड चुकीचा.

"त्याला सांग, स्वतःचा अर्धा नीट आठव म्हणावं."

"त्यांना सांग, माझा मला पाठ आहे."

पुन्हा उठाबशीचा तोच प्रकार. पुन्हा चुकीचा. आणि या खेपेला पडद्यावरची विचारणा गेली आणि मुखपृष्ठ उघडलं, जांभळं, गुबगुबीत, वर ११४३ आणि खाली तीन चौकोन. धाकटीनं घाईघाईनं पिशवी पडद्यापुढं धरली, पण रिकाम्या पिशवीनं किती झाकणार? एक चौकोन उघडाच राहिला आणि नेमका तोच धाकट्याच्या नाकासमोर. तो मोठ्यानं वाचायला लागला.

"'तुझ्या भावजींनी परवा स्वतःच्याच घराची चावी हरवली. दोन तास जिन्यात बसून होते, मी येईपर्यंत. कुलूपवाले म्हणे. कुणाला सांगू नकोस.'"

थोरल्याचे कान लाल झाले. थोरलीनं डोळे मिटून घेतले. आता संपलं, धाकटीला वाटलं. आता खुर्ची वेगळी होईल, मेल वेगळी होईल, दुपारी दोनला कुणाचं काही आलेलं नसेल. सहा वर्षांत तिला भांडणाची अशी भीती वाटली नव्हती.

धाकटा सावकाश वळला. आणि बायकोला मधे न घालता सरळ भावाला म्हणाला, "दादा, दोन तास जिन्यात? हत्यारं नव्हती?"

"हत्यारं दुकानात होती."

"दुकानात मी होतो. फोन करायचास. दहा मिनिटांत येऊन उघडून दिलं असतं."

थोरल्यानं घसा खाकरला. "तू ड्रिल घेऊन आला असतास."

धाकट्याला हसू फुटलं. थोरला हसला नाही, पण कानांचा लाल रंग जरा उतरला.

"आणि तुम्ही दोघी," तो पडद्यावरच्या आकड्याकडे बघत म्हणाला, "अकराशे?"

"त्रेचाळीस," थोरली म्हणाली. "अकराशे त्रेचाळीस. आता बोलायचं ते घरी बोला. एकच संधी उरलीय."

"आधी तो आपला अर्धा..."

"भावजी," धाकटी मधेच म्हणाली. सहा वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती, पण भीती ओसरली की माणसाला जरा जास्तच धीर येतो. "अर्धे दोन्ही बरोबर असतील. क्रम चुकतोय. त्या दिवशी तुमचे हात तेलानं माखले होते. तुम्ही धुऊन येईपर्यंत हे खुर्चीत बसले होते, म्हणून यांचाच अर्धा आधी पडला."

"थोरल्याचं आधी असतं," थोरला म्हणाला.

"असतं," थोरली म्हणाली, "पण त्या दिवशी नव्हतं."

थोरल्यानं पडद्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. जन्मभर ज्याच्या आधी तो ताटावर बसला, ज्याच्या आधी दुकानात शिरला, त्याला आधी जाऊ द्यायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पण कुलूप समोर असताना, ते उघडतं कसं हे कळल्यावरही हट्टानं बंद ठेवायचं, हेही त्याच्या हातून होणारं नव्हतं.

"बस," तो म्हणाला आणि स्वतःहून भिंतीकडे वळला.

थोरलीनं विचारणा पुन्हा उघडून दिली. धाकट्यानं आपला अर्धा टाकला. थोरल्यानं आपला टाकला. पडदा पांढरा झाला, आणि बघता बघता जुनी मेल उघडली. तीच करडी पट्टी, तीच बारीक अक्षरं, डावीकडची यादी जागच्या जागी. ड्राफ्ट तळाशी, कुणाला दिसू नये इतके बारीक. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

भाऊ आपापल्या बाजूला गेले. प्लायवूड होतं तिथंच होतं, पण त्याच्यावरून आवाज येऊ लागले. "कुठलं कुलूप होतं दाराला? तारेनं सुटलं असतं." "तारेनं नसतं सुटलं." "पैज लाव." बराच वेळ दोघांत ड्रिलचं नाव निघालं नाही, आणि मग निघालंच.

थोरला मधेच डोकावला. "गिऱ्हाईक आलं तर बघा. आहात ना दोघीही इथं?" आणि उत्तराची वाट न पाहता परत गेला.

आता दोघीही होत्या. धाकटीनं स्टूल ओढून घेतलं. या सहा वर्षांत तिनं जावेला फक्त रस्त्याच्या पलीकडून पाहिलं होतं. आज हातभर अंतरावर बसल्यावर काय बोलावं ते दोघींना सुचेना. थोरलीनं टेबलावरचे बिल्ले सारखे केले. धाकटीनं पिशवीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. जिला आपलं सगळं रडू लिहून कळवलं, तिच्या तोंडाकडे बघताना तिला लाज वाटत होती.

शेवटी तिनं की-बोर्ड पुढं ओढला, नवा ड्राफ्ट उघडला आणि लिहिलं, 'जाऊबाई, केस इतके कधी पांढरे झाले? हे नाही लिहिलंत कधी.' मग पडदा थोरलीकडे वळवला.

थोरलीनं चष्मा चढवला, वाचलं, आणि एका बोटानं सावकाश टाइप केलं, 'सगळंच काय लिहायचं असतं? म्हटलं, समोर बसशील तेव्हा दिसेलच.'

धाकटीनं डोळे पुसले आणि उत्तर द्यायला की-बोर्ड ओढला. पण थोरलीनं तो सोडला नाही. तिला अजून लिहायचं होतं.