तुटलेले आणि मेलेले

विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांचं नाव दुष्काळकाका ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. त्यांनी बसवलेल्या गणिती पद्धतीला कुठल्याही समाजाचा डीएनए दिला, की ती हमखास सांगायची: अमुक काळात इथली माणसं पटापट मेली. त्या जुन्या मरणांवरच त्यांचं सगळं नाव उभं होतं.

आता परीक्षा त्या पद्धतीचीच होती. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीनं संगणकावर खोटी गावं वसवली होती. खोटी असल्यामुळे त्यांचा खरा इतिहास तिला ठाऊक होता. तो पद्धतीला ओळखता येतो का, एवढंच बघायचं होतं.

"सर, या गावात कुणीच जास्तीचं मेलेलं नाही," ती चाचरत म्हणाली. "मी फक्त गावाचे दोन भाग केले आणि त्यांच्यातली सोयरीक बंद केली. तरी आपली पद्धत म्हणते, निम्म्याहून जास्त लोक मेले."

"परत चालवून बघ."

"बघितलं सर. दर वेळी तेच. तिला तुटलेले आणि मेलेले यांतला फरकच कळत नाही."

प्राध्यापकांनी आलेख पाहिला. आयुष्यभराची मेहनत पाण्यात गेली, हे त्यांना समजलं, पण वाटलं काहीच नाही. एकुलत्या एक लेकीनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून त्यांचं हे असंच होतं. "आमच्यापुरती ती मेली," असं त्यांनी तेव्हा चारचौघांत सांगून टाकलं होतं. हट्टाला पेटलेला माणूस आतून बधिर होत जातो आणि लोक त्याला शांत स्वभावाचा म्हणतात.

"पद्धत चुकते, असं शोधनिबंधात स्पष्ट लिही," ते म्हणाले. "आणि चूक माझी आहे, तेव्हा माझं नाव पहिलं घाल."

घरी बायको भाजी निवडत होती. ते बूट न काढताच समोर बसले.

"ते लोक मेले नव्हते. नुसती सोयरीक तुटली होती. मीच आपला मेले, मेले म्हणत बसलो."

कुठले लोक, हे तिनं विचारलं नाही.

"तिचा नंबर आहे?"

"आहे. लावला कधी नाही. तुम्ही शपथ घातली होती."

तिनं हात पुसले, फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडे एका लहान मुलाचा आवाज आला.

"कोण?"

"मी... तुझा आजोबा. आईचे बाबा."

"आईचे बाबा तर कधीच वारले," पोरगं सहज म्हणालं आणि आईला हाका मारू लागलं.