नळाच्या पाण्यातला साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना साक्षीदार आहे. पण मला बोलता येत नाही. मी लाल शेपटीचा मासा. माझं जग म्हणजे चार काचा, तळाला मूठभर खडे आणि वर एक दिवा. तोंड पुढे केलं की काच, मागे वळलो की काच.

मासे विकणाऱ्याच्या हौदात माझा जन्म झाला. तिथे आम्ही भावंडं इतकी, की एकाला वळायचं तर सगळ्यांनाच वळावं लागे. एके दिवशी मला पिशवीतल्या पाण्यात सोडून वर गाठ मारली. ती सुटली थेट कापड रंगवण्याच्या कारखान्यात, पाहुण्यांच्या दालनात. टाकीवर पाटी होती : 'कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी. मासासुद्धा सुखात!'

खरं तर ते पाणी मी कधी पाहिलंही नव्हतं. माझं पाणी सफाईच्या मावशी आणायच्या, नळाचं. ओतताना पुटपुटायच्या, "नळाचं पितोस आणि कारखान्याचे गोडवे गातोस? लबाडा!" मग गुणगुणायच्या :

काचेच्या गं घरामंदी मासा माझा खेळे,
ओढ्याच्या गं काठावरी पाणी झाले निळे.

कारखान्याचं पाणी ज्या ओढ्यात जायचं, त्याच्याच काठी मावशींचं घर. पाण्यात उतरलं की त्यांच्या नातवाचे पाय रात्रभर खाजत.

मालकांचा मात्र माझ्यावर भारी जीव. रोज सकाळी चिमूटभर दाणे टाकून विचारायचे, "काय साक्षीदार, जेवलात का?" पाहुणे येत, वाहवा करत, फोटो काढत. मी आपला गोल गोल फिरे. माझ्या प्रत्येक फेरीनं ती पाटी थोडी आणखी खरी वाटू लागे. मी जगलो तर खोटं जगणार. खरं बाहेर यायचं तर मी मरायला हवं. काचेहून घट्ट असा तो पिंजरा होता.

मग पुष्कळ कापड घेणाऱ्या एक व्यापारीबाई आल्या. त्यांनी पाटी नीट वाचली.

"छान! आता हीच टाकी माझ्यासमोर भरा. कारखान्यामागच्या पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यानं."

"अहो, आत्ता कशाला? चहा घ्या ना आधी," मालक म्हणाले.

"चहा होतच राहील. मावशी, आणता का बादली?"

मावशींनी मालकांकडे पाहिलं. ते कपात चहा ओतू लागले. तेव्हा त्या गेल्या आणि भरली बादली घेऊन आल्या. वर निळा फेस होता. बादली टाकीच्या काठाला टेकली, तसा मी खड्यांत अंग चोरून बसलो. पळणार तरी कुठे?

इतक्यात मालकांनी झडप घालून बादलीची कडी धरली.

"नको मावशी! मरेल तो!"

तोंडून काय निसटलं, ते मालकांना आपल्याच कानांनी कळलं. बाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"मागच्या ओढ्यात पूर्वी मासे होते का हो मावशी?"

"होते की. माझा नातू गळ टाकून बसायचा."

बाई कापड न घेताच गेल्या. मालक माझ्यासमोर आले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी उतरवली.

पुढे कारखाना बरेच महिने अर्धाच चालला. मागच्या अंगणात पाणी स्वच्छ करायचे हौद बांधले, यंत्रं बसली. त्या गडबडीत माझ्याकडे कोण बघणार? काचांवर शेवाळ चढलं, बाहेरचं जग हिरवं आणि धूसर झालं.

अखेर एका सकाळी मालक नव्या हौदाची बादली घेऊन आले.

"थांबा, आधी तुमचा हात बुडवा," मावशी म्हणाल्या.

मालकांनी कोपरापर्यंत हात बुडवला आणि मावशी 'बास' म्हणेपर्यंत काढला नाही. मग ते पाणी माझ्या अंगावर आलं. मी कल्ले उघडले, मित्रांनो. आणि पोहलो.

मी अजून काचेतच आहे. ओढा निवळायला वेळ लागेल म्हणतात. उद्या तुम्ही दुकानं काढाल, कारखाने चालवाल. तेव्हा दाखवायला एक मासा जपू नका, ओढा जपा. मग साक्षीदार लागणारच नाही, आणि मला कुणीतरी त्या ओढ्यात सोडून देईल. त्या दिवसाची वाट बघत मी काचेला तोंड लावून आहे.