ताटाच्या कडेचं मीठ

मिठाची बरणी मी, चिनी मातीची. वर तपकिरी, खाली पांढरी. मीनाबाईच्या आईनं मला गडहिंग्लजच्या बाजारात ठोकून-वाजवून घेतली आणि लेकीबरोबर कोल्हापूरला धाडली. पुढं चूल गेली, गॅस आला, पण माझी फळी तीच.

मीनाबाईचा नवरा केरबा शिरोलीच्या फौंड्रीत होता. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. घरी यायचा तेव्हा घाम वाळून सदऱ्यावर पांढरे डाग पडलेले असायचे. तिथं मीठ-लिंबाचं पाणी प्यायचा, घरी खारट जेवायचा. माझ्या जिवावर गडी उभा आहे असं मला वाटायचं, खोटं कशाला सांगू.

दोन हजार चार साली त्याला गेटवरचं बसायचं काम मिळालं. घाम थांबला, मीठ थांबलं नाही. त्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ जोतीराम पहाटे उठला आणि अंगाची एक बाजूच गेली. तेव्हापासून या घरानं प्रेशरची धास्ती घेतली.

पुढं केरबाचंही प्रेशर चढलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा दिवसभर, रात्रभर बांधून ठेवला. बापाला दादा म्हणणारी लेक दीप्ती आकड्यांचा कागद घेऊन आली. आईला म्हणाली, "दिवसा चढतंय ते चढतंय, पण झोपेत उतराय पायजे. दादांचं उतरतच न्हाय. मीठ लई होतंय. ते भाईर टाकाय शरीर रातीबी जोर लावतंय."

मीनाबाईनं त्या दिवसापासून आमटी-भाजी अळणी केली. पण ताट वाढताना तिचा हात आधी माझ्याकडंच यायचा. पहिलं मीठ, मग बाकीचं, ही तिच्या आईची शिकवण. केरबा ते सगळं आमटीत कालवायचा आणि वर, "आणि जरा दे की," म्हणायचा. गोळ्या चालू आहेत म्हणून ती द्यायची. तोंड आहे मला, पण झाकणाखाली.

महिन्यानं पुन्हा पट्टा बांधला. रात्रीचा आकडा तसाच.

"आई, मीठ घालतीस व्हय गं अजून?"

"शपथ, भाजीत एक खडा न्हाय."

"आणि ताटात?"

"ताटात तर वाढायचंच असतंय की. ते काय सैपाकात धरायचं?"

"पोटात जातंय न्हवं?"

मीनाबाईनं मला फळीवरून खाली उतरवलं.

त्या संध्याकाळी ताटाची कड मोकळी होती.

"मीठ इसरलीस व्हय?" केरबानं विचारलं.

"न्हाय. इतकं दिस मीच वाढत हुते. आता न्हाय वाढणार."

"मग वैरण खाऊ म्हणतीस?"

"खावा. माझ्याबी ताटात तीच हाय."

तो अर्ध्यावर उठला. तिनं मात्र आपलं ताट संपवलं, एकेक घास पाण्याबरोबर.

आता मी कपाटात आहे, पिठाच्या डब्यामागं. पट्टा परवा पुन्हा बांधायचा आहे. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. केरबाचा हात चाचपत माझ्यापर्यंत आला. बोटं झाकणावर थांबली. मागं गेली नाहीत, पुढंही आली नाहीत. मीनाबाईचं पाऊल दारात वाजलं तेव्हा कुठं सुटली.

बाबा केरबा, मला कुलूप नाही. पुढच्या वेळी दारात कुणाचं पाऊल वाजलं नाही, तरी सोड.