पाळण्यावरचा कॅमेरा

मच्छिंद्रला एक चांगलं काम गुपचूप करता येईल तर शपथ! बाप गेला तेव्हासुद्धा यानं आधी फ्लेक्स छापायला टाकला आणि मग रडला. सोजरबाईंच्या पोटचा एकुलता एक. धायरीची जमीन बिल्डरला दिल्यापासून समाजसेवेनं झपाटलेला.

या खेपेला पाळणा. पोटचं मूल सांभाळता येत नसेल तर कचराकुंडीत टाकू नका, इथे ठेवा, कुणी नाव विचारणार नाही. सोजरबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण एवढं त्यांना पटलं. मच्छिंद्रनं मात्र पाळणा टांगला तो आपल्या संपर्क कार्यालयाच्या दारात. वर हात जोडलेला स्वतःचा फोटो, दोन्ही बाजूंना झगझगीत दिवे आणि पाळण्यावर रोखलेला कॅमेरा.

"आरं, नाव इचारायचं न्हाई म्हनतोस, आन तोंड दिसतंय की!"

"आई, सेफ्टीसाठी ते. फुटेज फक्त आपल्या ग्रुपवर जाणार."

तीन आठवडे पाळणा रिकामा. एकदा एक मांजर झोपून गेलं. त्याचा फोटो चारशे जणांनी पाहिला.

मग एका दुपारी तोंडाला स्कार्फ बांधलेली एक पोर छातीशी गाठोडं धरून दारावरून दोनदा गेली. तिसऱ्यांदा थबकली, तोच मच्छिंद्र शाल-नारळ घेऊन बाहेर. "ताई, थांबा! पहिल्या लाभार्थी तुम्ही! फोटोग्राफर निघालाय!"

पोर उलट्या पावली पळाली, ती थेट कालव्याच्या दिशेनं.

दुखरे गुडघे विसरून सोजरबाई मागे धावल्या आणि कालव्याच्या कठड्याशी तिचा दंड धरला. "घाबरू नगंस. मी त्याची आई हाय, पर त्याच्यासारखी न्हाई."

रिक्षा करून त्यांनी तिला बाल कल्याण समितीच्या कचेरीत नेलं. तिथल्या बाईंनी आधी दार लावलं, मग पाणी दिलं. हलक्या आवाजात सांगितलं, तुझं नाव बाहेर कुणाला कळणार नाही. आणि मन बदललं तर दोन महिन्यांच्या आत येऊन लेकरू परत माग. तेव्हा कुठं पोरीनं स्कार्फ सोडला.

संध्याकाळी मच्छिंद्र दारातच फुगून बसलेला. "आई, पहिलीच केस होती, तीही तू घालवलीस! निदान नाव तरी सांग."

चपला काढून सोजरबाई तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाव मिळायचं न्हाई. पर एक ऐक. आता कायदा आईला दोन महिनं देतो, लेकरू ठेवायचं का द्यायचं ते ठरवाया. मला पन्नास वर्सं मिळाली, मच्छिंद्रा, आन दर साली मी चुकीचंच ठरवलं."