सातवी खूण

"मागे राहायचं, काका. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही," पाणीखात्याच्या इंजिनिअरबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं.

"आणि आलाच खोकला तर?"

"गिळा."

चावीकाकांनी मान डोलावली आणि पाणी सोडायची लांब लोखंडी चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. वीस पावलं पुढे, हातात घडीचा कागद धरून, नगरपालिकेच्या बड्या साहेबांच्या सासूबाई निघाल्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई. या शहरात येऊन त्यांना दोनच दिवस झालेले. म्हणून तर साहेबांनी त्यांनाच परीक्षक नेमलं. पाहुण्यांनी जुनं शहर वाटाड्याशिवाय, नुसत्या कागदाच्या आधारानं पायी बघावं, अशी नगरपालिकेची योजना. कागद दोन आले होते. एक कॉलेजातल्या मुलांचा, हमरस्त्यानं सरळ जाणारा. दुसरा काकांचा, बारा खुणांचा, गल्लीबोळांतून वळणं घेणारा. काकांच्या कागदाला अट एकच होती : सासूबाईंनी कोणालाही रस्ता न विचारता बाराव्या खुणेला पोचायचं. विचारला, की कागद बाद.

काका पाणी सोडणारे. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह या चावीनं फिरवून या आळीचं पाणी त्या आळीला देता देता एकतीस वर्षं सरलेली. महिनाअखेरीला निवृत्ती. मग व्हॉल्व्हना मोटारी बसणार. कचेरीत बटण दाबलं की पाणी सुटणार. कागदावरची वाट म्हणजे काकांची रोजची फेरी; त्या वाटेनं रोज चालायचं कोणाला कारणच उरणार नव्हतं. हा कागद छापला गेला, तरच कोणीतरी चालणार होतं.

"चालणाऱ्याला कुठं कळणार, की वाट तुमची म्हणून?" सकाळी बायकोनं विचारलं होतं.

"न कळेना. पाय तर पडतील."

निघायचं होतं दहाला. सासूबाईंचे बूट चावले, ते बदलण्यात अर्धा तास गेला. पण एकदा निघाल्या, तशा भराभर चालल्या. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'याच्याकडे पाठ करून उभे राहा. तो खोटी वेळ सांगतो.'" आणि खुदकन हसल्या. काकांना जरा हायसं वाटलं. तिसऱ्या खुणेच्या दारावरचा पितळी सिंह त्यांनी बरोबर ओळखला. मुलांच्या हातांनी त्याचं नाक झिजून सपाट झालं होतं. पाचवी खूण म्हणजे एक चिंचोळा बोळ. तिथे काकांनी लिहिलं होतं, 'समोरून कोणी आलं, तर दोघांपैकी एकानं सज्जन व्हावं.' समोरून एक पाव विकणारा सायकल घेऊन आला. सासूबाई भिंतीला चिकटल्या आणि म्हणाल्या, "या, आज मीच सज्जन."

"छान चाललंय, काका," इंजिनिअरबाई कुजबुजल्या.

काकांनी खांद्यावरची चावी घट्ट धरली. देव असा सुखासुखी पदरात टाकतो, तेव्हा माणसानं पदर नीट धरावा.

सहावी खूण तीन गल्ल्यांच्या चौकात होती : घोड्यांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी. सासूबाई तिथे वाकून कोरीव अक्षरं वाचत होत्या. तेवढ्यात शाळेची अकराची घंटा झाली. काकांनी खांद्यावरची चावी उतरवली, रस्त्यातलं झाकण उचललं, चावी आत बसवली आणि बावीस फेरे देऊन वरच्या आळीचं पाणी बंद केलं. शेजारच्या झाकणाखाली उलटे बावीस फेरे. खालच्या आळीचं सुटलं. घाम पुसला. इंजिनिअरबाईंची नजर मात्र सासूबाईंवरच खिळली होती.

डोणीपाशी सासूबाईंनी कागद उलटला. "'सातवी खूण. आता वरच्या आळीनं नाकासमोर चाला. पायाखाली पाणी वाहताना ऐकू येईल, तिथे डावीकडे वळा.' वा! हे आवडलं बुवा."

आणि त्या वरच्या आळीत शिरल्या.

एकतीस वर्षांत काका त्या आळीतून गेले, ते पाणी सुटलेलं असतानाच. वळणावरचं झाकण त्यांच्या कानांत बोलतच असे. ते कधी गप्पही असतं, हे कागद लिहिताना त्यांच्या ध्यानातच आलं नाही. डावीकडे बोळ पाच, पाचही एका आईची लेकरं वाटावेत असे.

"काका," इंजिनिअरबाईंचा आवाज चिरका झाला, "पाणी?"

"खाली सोडलं."

"आत्ता? कोणी सांगितलं?"

"अकरा वाजले. हातांना कोण सांगतं, मॅडम?"

पुढे सासूबाई पहिल्या बोळापाशी थांबल्या. मान कलती करून ऐकलं. पुढे गेल्या.

"पुन्हा फिरवा," इंजिनिअरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाचच मिनिटं. मी तिकडे बघते. मला काही दिसलं नाही."

काकांनी चावी आत बसवली. लोखंड हाताला गार लागलं. खालच्या आळीच्या शेवटच्या टोकाला बाळंतपणाचं इस्पितळ होतं. त्याची टाकी सगळ्यात शेवटी भरायची. पाणी मध्येच तोडलं, की नळात हवा शिरते. मग शेवटच्या टोकाला संध्याकाळपर्यंत नुसती फुसफुस. हे इंजिनिअरबाईंना माहीत नव्हतं. माहीत असायची पाळीच काकांनी कधी येऊ दिली नव्हती.

सासूबाई दुसऱ्या बोळापाशी. तिसऱ्या. चष्मा काढून पुसला, जसा काही चष्म्यानंच ऐकायचं होतं. खाली वाकून त्यांनी झाकणाला कान लावायचाही प्रयत्न केला.

"काका, लवकर! एकतीस वर्षांत एकदा केलं, तर काय आभाळ कोसळेल?"

"एकतीस वर्षं झाली म्हणूनच नको," काका म्हणाले आणि चावी तशीच वर काढली.

वरच्या आळीत एक बाई खिडकीत कपडे वाळत घालत होती. सासूबाईंनी वर पाहिलं. "अहो ताई, जरा सांगता का, इथे पाणी कुठे वाहतं?"

इंजिनिअरबाईंनी डोळे मिटले.

सासूबाई तरातरा परत आल्या. "कोणी लिहिलंय हे? पाणी आहे कुठे?"

"मी लिहिलं," काका पुढे झाले. "आणि बंदही मीच केलं. अकराला खालच्या आळीची पाळी असते."

"मग कागदावर वेळ नको द्यायला?"

"हवी होती. चुकलं."

"माझ्या वर्गात असता, तर नापास केलं असतं."

"केलंच की, बाई."

सासूबाईंची नजर उघड्या झाकणाकडे, त्यातल्या ओल्या काळोखाकडे गेली. "आठव्या खुणेला काय आहे?"

"ते चालल्याशिवाय सांगता येत नाही."

इंजिनिअरबाईंनी हात पुढे केला. "बाई, तो कागद द्या. फायलीला लावायला हवा. बाद म्हणून."

सासूबाईंनी कागदाची घडी केली, पुन्हा एकदा घडी केली आणि आपल्या पर्समध्ये ठेवून चेन ओढली. "चला," त्या इंजिनिअरबाईंना म्हणाल्या, "दाखवा तुमचा हमरस्ता."

दोघी गेल्या. काका डोणीच्या काठावर टेकले. खाली, जमिनीच्या पोटात, पाणी इस्पितळाकडे चाललं होतं. बाराची घंटा झाली, तसे ते उठले. खालच्या आळीचं पाणी घाईनं बंद केलं, तर नळ हादरतात आणि कुणाचं तरी नुकतंच निजलेलं मूल दचकतं. म्हणून चावीवर दोन्ही हात ठेवून ते सावकाश, ओठांतल्या ओठांत फेरे मोजू लागले. एक. दोन. तीन.